मायक्रोफायबर टॉवेल धुण्याआधी सॉफ्टनरचा कप्पा बघा

गाडी पुसायचे मायक्रोफायबरचे टॉवेल मशीनमध्ये टाकायच्या आधी मशीनचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि फॅब्रिक सॉफ्टनरचा कप्पा बघा. रिकामा दिसला तरी आत बोट फिरवा. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. या टॉवेलांना सॉफ्टनर चालत नाही हे माहीत होतं, घातलाही नव्हता. पण आधीच्या धुण्यातला कप्प्यात उरलेला होता आणि शेवटच्या खळबळण्याच्या वेळी तो आपोआप पाण्यात उतरला. टॉवेल हाताला छान लागत होते, पण काचेवरचं पाणी टिपायचं सोडून नुसतं पसरवत होते.

एवढ्याशा सॉफ्टनरने असं का होतं? मायक्रोफायबर म्हणजे बहुतेक वेळा पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन), ८०:२० किंवा ७०:३० या प्रमाणात, एकत्र काढून मग फाकवलेला धागा. एकेक तंतू १ डेनियरहून बारीक, म्हणजे ९ किलोमीटर लांब तंतूचं वजन १ ग्रॅमही भरत नाही. पाणी तंतूच्या आत फारसं शिरत नाही, ते तंतूंमधल्या बारीक फटींत ओढलं जातं. सॉफ्टनर कपड्यावर मेणचट थर सोडतो. त्याने सुती कपडा मऊ होतो, इथे मात्र फटी बुजतात. म्हणून कप्पा काढा, गरम पाण्याखाली धरा, कोपऱ्यातला चिकटा जुन्या ब्रशने घासा. मशीनला सॉफ्टनर आपोआप सोडणारी टाकी असेल तर ती सोय या धुण्यापुरती बंद करा. बादलीत धुणार असाल तर आधी त्याच बादलीत सॉफ्टनर कालवला होता का ते आठवा.

मग टॉवेल वेगळे करा. काचेचे, रंगावरचे, चाकांचे आणि तेलकट असे निदान चार ढीग. चाकांच्या टॉवेलात ब्रेकची धूळ आणि वाळूचे कण अडकलेले असतात. तेच पुढे रंगावर ओरखडे काढतात, त्यामुळे ते टॉवेल रंगाच्या टॉवेलांबरोबर कधीही नकोत. सुती कपडे तर अजिबात नकोत. मायक्रोफायबर धूळ जशी धरतं तसेच सुताचे तंतूही धरतं, आणि ते हाताने वेचत बसावं लागतं. वॅक्स किंवा पॉलिश लागलेले टॉवेल सुकायच्या आत साबणाच्या कोमट पाण्यात भिजत घाला. नवे टॉवेल वापरण्याआधी एकदा धुवा आणि टोचणारं लेबल कापून टाका. त्याआधी त्यावरचं तापमान वाचून ठेवा.

डिटर्जंट पातळ घ्या, आणि कमी. पावडर थंड पाण्यात नीट विरघळली नाही तर तिचे कण लवेत बसतात आणि टॉवेल राठ होतो. ब्लीच नको, त्याने पॉलिअमाइड खराब होतं. ‘सॉफ्टनरसह’ असं लिहिलेलं डिटर्जंटही नको! कप्पा स्वच्छ करून असलं डिटर्जंट ओतलं तर सगळी मेहनत वाया. बाटलीमागचा बारीक मजकूर वाचाच.

पाणी साधारण ४० अंश. पॉलिस्टर वितळायला २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मऊ पडायला त्याला ७०-८० अंश पुरतात, आणि एवढ्या बारीक तंतूंची टोकं एकदा आखडली की टॉवेल कायमचा खरखरीत. मशीन ठासून भरू नका, टॉवेलांना पाण्यात हलायला जागा हवी. शेवटी एक जादा रिन्स लावा. फेस उरला तर वाळल्यावर टॉवेल कडक होतो. पाणी जड असेल तर त्या रिन्सला थोडं पांढरं व्हिनेगर चालतं, क्षार सुटायला मदत होते. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. हे गमतीवारी घेऊ नका.

सुरू करायचं बटण दाबण्याआधी कप्पा पुन्हा बघा. मध्येच घरातल्या कुणी पुढच्या धुण्यासाठी तो भरून ठेवला असेल. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

चुकून सॉफ्टनर लागलाच तर टॉवेलवर पाण्याचे थेंब टाका. थेंब वर तरंगत राहिले तर थर बसलाय. लेबल परवानगी देत असेल तर ६० अंशांपर्यंतच्या पाण्यात, नुसत्या डिटर्जंटने पुन्हा धुवा. एका धुण्यात भागेलच असं नाही.

वाळवणं सोपं. घट्ट पिळू नका, झटकून सावलीत, वारा लागेल असे टांगा. कडक उन्हाने पॉलिअमाइड हळूहळू ठिसूळ होतं. ड्रायर असेल तर सगळ्यात कमी उष्णतेवर. तो फिरत राहतो म्हणून लव मोकळी राहते. ड्रायर शीट नको, तोही सॉफ्टनरच. दोरीवर वाळून कडक वाटला तर हाताने चोळून झटका. इस्त्री नाही. पूर्ण वाळल्यावरच घडी. ढिगांप्रमाणे वेगवेगळे झाकणाचे डबे, आणि चाकांच्या डब्यावर ठळक खूण.