सप्टेंबरचे स्कोअर वाचायचे कसे: डिव्हिजन थ्री फुटबॉलच्या नव्या-जुन्या फॅन्ससाठी

सप्टेंबरचे पहिले दोन शनिवार झाले की टेलगेटला (मॅचआधी पार्किंगमध्ये जमणारी खाण्यापिण्याची मैफल) दोनच प्रकारचे लोक भेटतात, एक "यंदा आपण प्लेऑफला जातोय, लिहून ठेवा" वाले (प्लेऑफ म्हणजे सीझनअखेरची बाद फेरी) आणि दुसरे "कोच बदला" वाले, आणि गंमत म्हणजे दोघांनीही स्कोअर सोडून काही बघितलेलं नसतं. आपल्याकडची बरीच मुलं एमआयटी, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो असल्या ठिकाणी शिकायला येतात, ही सगळी फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉल, आपला सॉकर नव्हे) डिव्हिजन थ्रीची, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातली कॉलेजं, मग हळूहळू आईवडील, मामा, रूममेट असे सगळे या खेळात ओढले जातात. इथे खेळाची स्कॉलरशिप नसते, टीव्हीवर फारसं दिसत नाही, आणि टीम सुमारे 240. त्यामुळे कोण किती पाण्यात आहे हे कळायला वेळ लागतो. तो वेळ जरा कमी करायची माझी पद्धत सांगतो.

सगळ्यात आधी आपली टीम विसरा आणि समोर कोण होतं ते बघा. आणि नीट बघा, नावावर जाऊ नका! ट्रिनिटी दोन आहेत, एक कनेटिकटमध्ये आणि एक टेक्सासमध्ये. वेस्लियन तर विचारूच नका, नुसतं वेस्लियन आहे, ओहायो वेस्लियन आहे, इलिनॉय वेस्लियन आहे. ऑगस्टाना इलिनॉयचं असेल तर डिव्हिजन थ्री, साउथ डकोटाचं असेल तर डिव्हिजन टू, म्हणजे मामलाच वेगळा. कॉन्कॉर्डिया किती आहेत हे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. "ट्रिनिटीला हरवलं" म्हणून कोणी नाचायला लागलं की पहिला प्रश्न, कुठल्या?

कॉलेज नक्की झालं की त्याची कॉन्फरन्स बघा, म्हणजे दर वर्षी आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. मागच्या वर्षी किती जिंकले हा आकडा एकटा काही सांगत नाही. विस्कॉन्सिनची डब्ल्यूआयएसी ही कॉन्फरन्स घ्या, आठही टीम युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिनच्या वेगवेगळ्या कॅम्पसच्या, तिथे पाचव्या नंबरावर येणारी टीम दुसरीकडे गेली तर आरामात ट्रॉफी उचलेल. रणजीत प्लेट ग्रुपच्या बोलिंगवर ट्रिपल सेंच्युरी मारणारा आणि मुंबईच्या बोलिंगवर सत्तर काढणारा यात आपण कोणाला घेतो? तसंच. म्हणून कमजोर कॉन्फरन्समधल्या 8-2 वाल्या (आठ जिंकल्या, दोन हरल्या) टीमला 45-7 हरवलं तरी मी शांत असतो, आणि डब्ल्यूआयएसीच्या मधल्या टीमशी 24-20 हरलो तर उलट बरं वाटतं.

आता सप्टेंबर एवढा महत्त्वाचा का, ते साध्या बेरजेत कळतं. रेग्युलर सीझनला दहा मॅच. कॉन्फरन्समध्ये दहा टीम असतील तर नऊ मॅच आपसातच गेल्या, बाहेरच्यांशी एकच उरली. आठ टीम असतील तर सात आपसात, तीन बाहेर. या बाहेरच्या मॅच बहुतेक सगळ्या सुरुवातीलाच होतात आणि नंतर जो तो आपापल्या वाड्यात भांडत बसतो. म्हणजे ओहायोवाले भारी की मिनेसोटावाले, याचा जो काही पुरावा मिळायचा तो या दोन-तीन आठवड्यांत, पुढे थेट नोव्हेंबरच्या शेवटी प्लेऑफला. म्हणून फक्त आपला स्कोअर बघून फोन बंद करू नका, आपल्या कॉन्फरन्समधल्या बाकीच्या टीमनी त्या दिवशी बाहेर काय दिवे लावले तेही बघा. आपल्याच कॉन्फरन्सच्या चार टीम एका शनिवारी बाहेर मार खाऊन आल्या तर आपण ऑक्टोबरमध्ये त्याच चौघांना हरवून मिशीला पीळ द्यायचा काही अर्थ नाही. (न्यू इंग्लंडची नेस्कॅक ही कॉन्फरन्स या हिशोबात येतच नाही, ते उशिरा सुरू करतात, नऊ मॅच खेळतात आणि सगळ्या आपसातच, कित्येक दशकं तर प्लेऑफलाही जात नव्हते. तिथल्या विल्यम्स किंवा अ‍ॅमहर्स्टवाला कोणी "आम्ही देशात कितवे" म्हणून वाद घालायला लागला तर त्याला चहा द्या.)

मग बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, उघडा. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर फुकट असतो, पीडीएफमध्येही मिळतो. इथेच खरी मजा आहे आणि इथेच लोक कंटाळतात.

समजा आपण 34-10 जिंकलो. मस्त. पण खाली टोटल यार्ड्स (बॉल एकूण किती यार्ड पुढे नेला) बघितले तर आपले 240 आणि त्यांचे 380. मग 34 आले कुठून? तर एक इंटरसेप्शन (त्यांचा मधेच पकडलेला पास) थेट टचडाउनला, म्हणजे त्यांच्या टोकाच्या रेषेपार, नेलं, एक पंट रिटर्न (त्यांनी लाथेने लांब मारलेला बॉल तसाच पार नेला), आणि दोन फंबल (हातातून सुटलेले बॉल) त्यांच्याच वीस यार्डाच्या आत आपल्याला सापडले. आनंद आहेच, पण पुढच्या शनिवारी समोरचा बॉल असा हातात आणून देईलच असं नाही. टर्नओव्हर, म्हणजे समोरच्याकडून असा मिळालेला बॉल, काही प्रमाणात डिफेन्सचं कौशल्य असतं आणि बरंचसं नशीब, बॉल जमिनीवर पडल्यावर तो कुणाकडे उडी मारेल हे कोचच्या हातात नसतं. म्हणून मी प्रत्येक मॅचला आधी एकूण यार्ड भागिले एकूण प्ले (चाली) करतो, दोन्ही टीमचं. मोबाइलवर दहा सेकंदांचं काम आहे, आणि स्कोअरबोर्ड जे लपवतो त्यातलं निम्मं तिथेच बाहेर येतं. टाइम ऑफ पझेशन (बॉल कोणाकडे किती वेळ) मी जवळजवळ बघतच नाही, कॉमेंट्रीवाल्या पोरांना मात्र ते फार आवडतं.

एक बारीक गोष्ट, जी एनएफएल (तिकडची व्यावसायिक लीग) बघून आलेल्यांना हमखास चकवते. कॉलेजमध्ये सॅक झाला (क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, पास टाकायच्या आधीच पाडला गेला) की गेलेले यार्ड रशिंगमधून (बॉल घेऊन पळण्यातून) वजा होतात, पासिंगमधून नाही. म्हणजे पेपरवर दिसतं 38 रश, 61 यार्ड, आणि लोक बोंब मारतात की रनिंग गेम संपला. खाली बघितलं तर सहा सॅक, 44 यार्ड तोटा. ते बाजूला काढा, 32 रश आणि 105 यार्ड उरले, म्हणजे प्रत्येकी तीनच्या थोडं वर. फार ग्रेट नाही पण मेलेलंही नाही. खरा घोळ कुठे आहे, तर ओ-लाइन, म्हणजे पुढची पाच जणांची भिंत, क्वार्टरबॅकला उभंच राहू देत नाहीये, आणि हा वेगळा आजार आहे. सप्टेंबरमध्ये तो फार दिसतो कारण डिव्हिजन थ्रीला वसंतातली प्रॅक्टिस मोजकीच असते, ऑगस्टमध्ये पोरं एकत्र येतात आणि तीन-चार आठवड्यांत पहिली मॅच. पाच लाइनमन एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून कधी सरकायचं हे शिकायला तेवढा वेळ पुरत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे बऱ्याचदा आपोआप सुधारतं. कोपऱ्यातला डिफेन्डर प्रत्येक लांब पासला मागे पडतोय, हे मात्र सहसा सुधारत नाही, ती पायातल्या वेगाची गोष्ट आहे.

मोठ्या फरकाच्या निकालात प्ले-बाय-प्ले उघडा आणि हाफटाइमचा स्कोअर बघा. इथल्या टीममध्ये शंभराच्या वर पोरं सर्रास असतात, हाफटाइमला 35-0 झालं की दुसरी आणि तिसरी फळी आत जाते, त्यामुळे शेवटी 49-21 दिसलं म्हणून "डिफेन्सने 21 दिले" असं म्हणू नका, ते 21 बहुधा अशा पोरांनी दिलेत ज्यांची नावं जर्सीचा नंबर शोधून काढावी लागतात. याउलट तिसऱ्या क्वार्टरला 17-14 असताना शेवटी 38-14 झालं असेल तर तो चांगला संकेत, म्हणजे दम टिकला. टेक्सासमध्ये सप्टेंबरच्या उन्हात तर हे फारच कळतं, पायात गोळे येऊन बसलेली पोरं साइडलाइनला मोजून घ्या.

रोस्टरपण (खेळाडूंची यादी) एकदा नजरेखालून घाला. क्वार्टरबॅक कितव्या वर्षाला आहे, लाइनमध्ये सीनियर किती, ट्रान्सफर होऊन कोण आलंय. क्वार्टरबॅक नवा आणि लाइन जुनी असेल तर पहिल्या हारीवर मी फार बोलत नाही. दोन्ही जुने असून 13 पॉइंट होत असतील तर मात्र कोच बदला पार्टीच्या बाजूला खुर्ची सरकवतो.

आता सगळ्यांचा आवडता खेळ, म्हणजे आम्ही अ ला हरवलं, अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, म्हणून आम्ही क पेक्षा भारी. या साखळीने डिसेंबरपर्यंत कुठल्याही टीमला माउंट युनियनच्या (ओहायोची वर्षानुवर्षं तगडी टीम) वर नेऊन बसवता येतं, करून बघा. एक कडी असेल तर मी थोडं मनावर घेतो, तीही दोन्ही मॅच जवळच्या तारखांना आणि त्याच क्वार्टरबॅकने खेळल्या असतील तर. दोन कड्यांच्या पुढे गेलात की ती करमणूक.

सुरुवातीची एक हार म्हणजे संपलं का? इथे दोन गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. सप्टेंबर 2012 मध्ये यूडब्ल्यू-व्हाइटवॉटर (डब्ल्यूआयएसीतलीच टीम), सलग तीन वर्षांची चॅम्पियन, सलग 46 मॅच जिंकलेली, बफेलो स्टेटकडून 7-6 हरली. लोक म्हणाले अपघात आहे, होतं असं. पण अपघात नव्हता, त्या वर्षी ते प्लेऑफलाच पोचले नाहीत. (आणि मग 2013 आणि 2014 ला परत चॅम्पियन, म्हणजे कोच बदला पार्टीचं ऐकलं असतं तर त्यांचा कोच लान्स लायपोल्डला घालवून बसले असते.) उलट बाजूने 2005 चं माउंट युनियन बघा. सीझनच्या मध्यात ओहायो नॉर्दर्नकडून हरले, रेग्युलर सीझनमधली सलग 110 विजयांची मालिका तुटली, त्यांच्या अलायन्स गावात सुतक, आणि डिसेंबरला त्याच पोरांनी फायनल जिंकली. फरक कसा ओळखायचा? मी ऑफेन्स बघतो. ज्या टीमला पूर्ण मॅचमध्ये सहा पॉइंट होतात तिचं दुखणं खोलवर असतं. चांगल्या टीमशी शेवटपर्यंत झुंजून एका टचडाउनने हरलेल्यांना मी लगेच मोडीत काढत नाही.

फायनलचं नाव स्टॅग बोल, ज्या एमॉस अलोन्झो स्टॅगवरून ते पडलं तो शिकागो युनिव्हर्सिटीचा कोच. त्या युनिव्हर्सिटीने 1939 ला फुटबॉलच बंद केलं आणि 1942 मध्ये स्टॅग फील्डच्या स्टँडखाली पहिली न्यूक्लिअर चेन रिअ‍ॅक्शन झाली. आज शिकागो परत डिव्हिजन थ्री खेळतं. फिजिक्सवाला कोणी मॅचला आला आणि कंटाळला तर त्याला हे सांगा, एक क्वार्टर निघतो.

प्लेऑफचं गणित थोडक्यात. 2024 पासून 40 टीम घेतात, आधी 32 होत्या. कॉन्फरन्स जिंकलात तर थेट आत, उरलेल्या जागा एनपीआय नावाच्या गणितावर. त्यात जिंकलात का हरलात आणि समोरचा किती तगडा हे मोजतात, किती फरकाने जिंकलात हे मोजत नाहीत. म्हणजे दुबळ्या टीमला 70-0 हाणण्यापेक्षा चांगल्या टीमला एका पॉइंटने हरवणं केव्हाही फायद्याचं, आणि डिव्हिजन थ्रीबाहेरच्या टीमला हरवलं तर त्याचा तिथे उपयोग नाही. टॉप 25 पोल (मतांवर ठरणारी क्रमवारी) वगैरे वाचा, भांडा, पण त्यावर कोणी आत जात नाही, आणि सप्टेंबरचा पोल म्हणजे अर्धा मागच्या वर्षीचाच असतो.

या सगळ्याची नोंद ठेवायची तर चार कॉलम पुरतात: समोरची टीम आणि तिची कॉन्फरन्स, हाफटाइम स्कोअर, दोघांचे प्रत्येक प्लेमागे यार्ड, टर्नओव्हरचा फरक. मी रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत भरून टाकतो. तिसऱ्या शनिवारनंतर त्याकडे बघितलं की आपली टीम चांगली आहे की फक्त नशीबवान हे बऱ्यापैकी दिसतं, आणि समोरच्या टीमच्या पालकांशी बोलताना हे आकडे हळूच काढावेत, एकदम तोंडावर फेकू नयेत, कारण "आपला तो बाब्या" त्यांच्याकडेही असतो आणि तो बाब्या खरोखर मैदानात उभा असतो, बहुधा 72 नंबरची जर्सी घालून, आणि त्याची आई तुमच्या शेजारीच फोल्डिंग खुर्चीवर.

पुण्या-नाशिकहून नातवाची मॅच बघणाऱ्या आजी-आजोबांसाठी: अमेरिकेत ईस्टर्न वेळेने दुपारी एकची मॅच भारतात रात्री साडेदहाला सुरू होते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. बरीच कॉलेजं स्ट्रीम फुकट दाखवतात, काही कॉन्फरन्सेस आता पैसे घेतात, ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. कॅमेरा बहुधा एकच असतो आणि कधी कधी बॉल सोडून भलतीकडेच बघत असतो, म्हणून दुसऱ्या फोनवर लाइव्ह स्टॅट्स उघडून ठेवा. स्ट्रीम थोडं मागे असतं, त्यामुळे टचडाउन आधी तिथे कळेल, लगेच ओरडून सगळ्यांना उठवू नका.