ऑफिसच्या ग्रुपसोबत पहिल्यांदाच ग्वांगझूला जाताय? या चुका टाळा

एप्रिल आणि ऑक्टोबर आला की चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर सगळीकडून लोक चीनमधल्या ग्वांगझूला कँटन फेअर या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला निघतात आणि त्यातल्या कितीतरी जणांची ती आयुष्यातली पहिलीच फॉरेन ट्रिप असते, पासपोर्ट एकदम नवा कोरा. सोबत ऑफिसमधले चार-सहा जण असतात म्हणून धाकधूक कमी असते आणि खरी गडबड तिथेच होते. प्रत्येकजण धरून चालतो की एवढे जण आहोत, बघेल कोणीतरी. मग पैसे एकाच्या फोनमध्ये, हॉटेलचा पत्ता दुसऱ्याकडे, मॅप तिसऱ्यालाच कळतो आणि सप्लायरचा नंबर फक्त साहेबांकडे. १ कोटी ८० लाखांच्या वर लोकसंख्येचं शहर आहे, त्यात फेअरच्या दिवसांत जगभरातले बायर आलेले असतात, ग्रुप कधी ना कधी फुटतोच, आणि फुटला की ज्याच्याकडे काहीच नाही तो माणूस अडकतो. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बहुतेक याच एका सवयीतून होतात.

व्हिसा सगळ्यांचा सारखाच असेल असं समजू नका

धंद्याच्या कामाला जाताय तर एम कॅटेगरीचा व्हिसा, त्याला तिकडचं इन्व्हिटेशन लागतं, टूरिस्ट व्हिसा एल कॅटेगरीचा. एजंट सगळ्या ग्रुपचे पासपोर्ट एकदम घेऊन जातो म्हणून कोणी आपलं स्टिकर नीट वाचतच नाही. पासपोर्ट हातात आला की स्वतः वाचा, किती एन्ट्री, किती दिवस, कधीपर्यंत आत जायचंय.

एन्ट्रीचं एवढं का सांगतोय तर हाँगकाँग. ग्वांगझूहून हायस्पीड ट्रेनने साधारण तासाभरात हाँगकाँग, त्यामुळे फेअर संपल्यावर ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच की चला एक दिवस जाऊन येऊ. हाँगकाँग किंवा मकाऊला गेलात म्हणजे व्हिसाच्या हिशोबाने तुम्ही चीनमधून बाहेर पडलात, सिंगल एन्ट्री असेल तर परत ग्वांगझूला येता येत नाही, मग बॅगा तिकडे हॉटेलवर आणि तुम्ही इकडे. शिवाय आपल्या पासपोर्टवर हाँगकाँगला जायचं तर आधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं, ऐनवेळी बॉर्डरवर होत नाही. जायचंच असेल तर अर्ज करतानाच डबल एन्ट्री मागा नाहीतर हाँगकाँग परतीच्या वाटेवर ठेवा.

आणि फेअरची तारीख नीट बघा. १९५७ पासून चालू असलेलं हे प्रदर्शन वर्षातून दोनदा भरतं आणि प्रत्येक वेळी तीन फेजमध्ये. मशिनरी, इलेक्ट्रॉनिक्स पहिल्या फेजला, घरगुती वस्तू आणि गिफ्टचा माल दुसऱ्या, कपडे-खेळणी तिसऱ्या. मशिनरीवाला तिसऱ्या फेजला पोचला तर त्याच्या कामाचं तिथे फारसं काही उरलेलं नसतं. बायर म्हणून रजिस्ट्रेशन इथूनच ऑनलाइन करून ठेवा, आणि मिळालेला बॅज जपून घरी आणा, पुढच्या वेळीही चालतो.

पैसे

सगळ्यात जास्त अडचण इथेच येते म्हणून जरा सविस्तर लिहितो. चीनमध्ये चहावाल्यापासून मॉलपर्यंत सगळं पेमेंट मोबाईलवर, अलीपे नाहीतर वीचॅट पे या तिकडच्या ॲपमधून. यूपीआयची सवय असल्याने आपल्याला वाटतं की हे सोपंय, पण आपलं यूपीआय तिथल्या दुकानात चालत नाही. अलीपेमध्ये आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, पासपोर्टचा फोटो देऊन व्हेरिफिकेशन करायचं. हे घरी बसून करायचं, एअरपोर्टवर नाही. कारण कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी येतो, आणि आपल्याकडे कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार आपण चालू केल्याशिवाय चालू नसतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते बटण ऑन करावं लागतं, हे विसरलेला माणूस तिथे कार्ड फेल कार्ड फेल करत बसतो.

ग्रुपमध्ये हमखास काय होतं, एकाचं अलीपे चालतंय मग बाकीचे म्हणतात तूच भर रे, आपण नंतर हिशोब करू. असं करू नका. जोडलेल्या फॉरेन कार्डावर २०० युआनपर्यंतच्या पेमेंटला अलीपेची फी नाही, त्याच्यावर गेलं की ३ टक्के, बँकेचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठीचा जादा आकार, आणखी वेगळा. सहा जणांचं जेवणाचं बिल ७०० युआन एकाने भरलं तर २१ युआन नुसती फी, तेच ज्याने त्याने आपापलं भरलं तर काहीच नाही. आणि त्या एकाच फोनची बॅटरी संपली किंवा बँकेने संशय घेऊन कार्ड ब्लॉक केलं तर सहाही जण हात चोळत बसणार.

पेमेंट अडकलं तर एवढं करून बघा:
- आधी वायफाय बंद करून मोबाईल डेटावर परत ट्राय करा
- दुकानदार तुमचा कोड स्कॅन करत असेल आणि होत नसेल तर तुम्ही त्याचा कोड स्कॅन करा
- कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर तो चालणार नाही, तो कोड सारखा बदलतो, ॲप उघडूनच दाखवायचा
- दुसऱ्या बँकेचं कार्ड आधीच जोडून ठेवलेलं असू द्या

आणि प्रत्येकाच्या खिशात थोडे युआन कॅश हवेतच, त्यातही १० आणि २० च्या नोटा जास्त, कारण १०० ची नोट दिली तर छोट्या दुकानात सुट्ट्यांची बोंब असते.

फोन

व्हॉट्सॲप, जीमेल, गूगल, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टा यातलं काहीही चीनच्या नेटवर चालत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्यातली मेख माहीत नसते. आपल्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग असेल तर डेटा आपल्या इकडच्या कंपनीमार्फत फिरून येतो त्यामुळे व्हॉट्सॲप चालतं, आणि हॉटेलच्या वायफायला जोडलं की बंद. मग लोक रात्री हॉटेलवर येतात, फुकटचं वायफाय पकडतात आणि घरी फोन लागत नाही म्हणून घाबरतात, तिकडे घरचे वेगळे घाबरलेले. वायफाय बंद करा, रोमिंगवर या, लागेल. रोमिंग पॅक प्रत्येकाने स्वतःचा घ्यायचा, एकाच्या हॉटस्पॉटवर बाकीचे हा प्रकार फेअरच्या पहिल्याच दुपारी संपतो.

वीचॅट, म्हणजे तिकडचं व्हॉट्सॲपसारखं ॲप, मात्र इथूनच चालू करून जा. नवीन अकाउंटला बऱ्याचदा जुन्या वीचॅट वापरणाऱ्याने कोड स्कॅन करून दुजोरा द्यावा लागतो, ते तिथे गेल्यावर कोणाला शोधणार. सप्लायर मंडळी सगळी वीचॅटवरच बोलतात, ईमेल कधीतरी बघतात. आपल्या ग्रुपचाही एक वीचॅट ग्रुप करा.

गूगल मॅपवर तिकडे अजिबात विसंबू नका, माहिती जुनी असते आणि आपला ठिपका बऱ्याचदा भलत्याच रस्त्यावर दिसतो. आयफोनवाल्यांना ॲपलचे मॅप चांगले चालतात, बाकीच्यांनी अमॅप घ्या. भाषांतराच्या ॲपमध्ये चायनीजचा ऑफलाइन पॅक डाउनलोड करून ठेवा, कॅमेरा धरला की मेन्यूकार्ड वाचता येतं.

मेट्रो, टॅक्सी आणि रस्ता

गाड्या तिकडे उजव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून. आधी डावीकडे बघा. त्यात इलेक्ट्रिक स्कूटर, आवाज नाही, फुटपाथवरूनसुद्धा येतात. मोबाईलमध्ये बघत चालणाऱ्या सहकाऱ्याचा दंड धरून ओढावा लागतो इतकं ते पटकन होतं, प्लीज हे हलक्यात घेऊ नका.

मेट्रो अतिशय चांगली आहे, स्टेशनात शिरतानाच बॅग मशीनमधून तपासतात त्यासाठी दोन मिनिटं जास्तीची धरा. सुट्टं तिकीट म्हणजे प्लॅस्टिकचं छोटं गोल टोकन, आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडताना खाचेत टाकायचं, म्हणजे शेवटपर्यंत सांभाळायला हवं. आणि ते ज्याचं त्याच्याच खिशात हवं, सगळ्यांची टोकनं एकाने ठेवायची नाहीत.

फेअर जिथे भरतं त्या पाझोऊ भागात ८ नंबरची लाईन जाते, शिनगांगदोंग आणि पाझोऊ अशी दोन स्टेशनं आहेत आणि कुठल्या एरियात तुमचा हॉल आहे त्यावर कुठे उतरायचं ते ठरतं. भेटायचं ठरवताना नुसतं स्टेशनचं नाव सांगून उपयोग नाही, एक्झिटचं अक्षर सांगा. ए एक्झिट आणि सी एक्झिट यात भर गर्दीत पंधरा मिनिटं चालणं असू शकतं.

संध्याकाळी हॉल सुटतात तेव्हाची गर्दी म्हणजे सहा वाजताची दादर लोकल. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधले एक सिनिअर, रिटायरमेंटला आलेले, इंग्लिशही बेताचं, असेच गर्दीच्या लोंढ्यात आत ढकलले गेले आणि दार बंद झालं, आम्ही सगळे प्लॅटफॉर्मवर. काचेतून त्यांनी फक्त बोट वर केलं, म्हणजे पुढचं एक स्टेशन. सकाळी नाश्त्यालाच ठरलं होतं की कोणी एकटा पुढे गेला तर त्याने पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि जिथे उतरला तिथेच उभं राहायचं, मागच्यांनी पुढची गाडी पकडून तिथे यायचं. तीन-चार मिनिटांत भेट झाली, ते शांतपणे खांबाला टेकून उभे होते. खिशात हॉटेलचं चिनीतलं कार्ड आणि १०० युआन होते म्हणाले, तुम्ही आला नसता तरी मी पोचलो असतो. सगळ्या ग्रुपची तयारी अशी पाहिजे.

टॅक्सीसाठी अलीपेमध्येच दीदी ही आपल्या ओला-उबरसारखी सेवा मिळते. ड्रायव्हरला इंग्लिश येत नाही, फोन आला तर घाबरू नका, ॲपमधल्या चॅटमध्ये लिहा, भाषांतर होऊन जातं. हॉटेलचं नाव इंग्लिशमध्ये सांगून काहीच होत नाही, चिनी अक्षरातलं कार्ड रिसेप्शनवरून प्रत्येकाने एकेक घ्या आणि त्याचा फोटोही काढा. ट्रेनने कुठे जाणार असाल तर ग्वांगझू स्टेशन, ग्वांगझू ईस्ट, ग्वांगझू साउथ ही वेगवेगळी आणि लांब लांब स्टेशनं आहेत, तिकिटावर कुठलं आहे ते दोघांनी वाचा.

जेवण

ग्रुपमध्ये दोन-तीन शाकाहारी असतातच आणि त्यांचे सगळ्यात जास्त हाल होतात. चित्रात हिरव्यागार फरसबीसारख्या शेंगा दिसतात म्हणून ऑर्डर केली जाते, प्लेट येते, वाफा निघतायत, लाल मिरच्या, आणि शेंगांना चिकटलेले बारीक तपकिरी कण लसणाचे वाटतात, ते बहुतेक वेळा पोर्कचा खिमा असतो. टोफूच्या तिखट रश्श्यातही तेच. ग्वांगझूकडे सूप तर हाडांचंच. त्यामुळे "नो मीट" एवढ्याने भागत नाही, मांस नको, खिमा नको, हाडांचं पाणी नको, ऑइस्टर सॉस नको, अंडं चालेल की नाही, असं सगळं चिनीत लिहून घेतलेलं कार्ड शाकाहारी माणसाकडे हवं, हॉटेलवाले लिहून देतात. नॉनव्हेजवाल्यांनाही बीफ टाळायचं असेल तर तेही लिहून घ्या. बौद्ध पद्धतीची शाकाहारी हॉटेलं आहेत तिथे बिनधास्त जा, आणि भारतीय रेस्टॉरंटही शहरात आहेत. आणि शाकाहारी सहकारी उपाशी असताना बाकीच्यांनी "अरे खा रे, काय होतंय" म्हणू नये, मनापासून सांगतो, दिवसभर हॉलमध्ये चालून माणूस थकलेला असतो, आधी त्याचं जेवण ठरवा मग आपलं.

घरून चिवडा, शंकरपाळी, शेंगदाण्याची चटणी न्या, पण ताजी फळं, मांस आणि दूध-खव्याचे पदार्थ कस्टममध्ये चालत नाहीत, त्यामुळे आईने दिलेले पेढे मुंबईतच संपवा. नळाचं पाणी प्यायचं नाही, गरम पाणी सगळीकडे मिळतं, बाटली जवळ ठेवा. टेबलावर बसल्यावर लोक गरम चहाने वाट्या-कप विसळताना दिसतील, तिकडची पद्धत आहे, तुम्हीही करा.

सप्लायरकडे

जेवणाला बोलावलं आणि दारू नको असेल तर पहिल्याच ग्लासला सांगा, अर्ध्यातून थांबणं अवघड जातं. आपल्या कंपनीकडून भेट म्हणून घड्याळ नेऊ नका, आपल्याकडे लोगोवालं टेबल क्लॉक देणं कॉमन आहे पण तिकडे घड्याळ भेट देणं अशुभ मानतात. स्टॉलवर फोटो काढायच्या आधी विचारा. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तिथल्या तिथे हॉल नंबर आणि काय बोलणं झालं ते लिहा, रात्री सगळी कार्डं सारखीच दिसतात. परत आल्यावर "आमचा बँक अकाउंट बदलला" असा मेल आला तर वीचॅटवर त्या माणसाला समोर बघून बोलल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

तरीही अडकलात तर

पोलीस ११०, ॲम्ब्युलन्स १२०. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडे नोंद, मग भारतीय कॉन्सुलेट, ते ग्वांगझूमध्येच आहे, तिथून प्रवासाचा कागद मिळतो आणि त्यावर परत चीनची बाहेर पडायची परवानगी घ्यावी लागते, म्हणजे यात दिवस जातात, आपलं विमान त्याच दिवशी मिळेल असं धरू नका. म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि वीचॅट ग्रुपवर. हॉटेलात राहिलात तर पोलिसांकडची नोंदणी हॉटेलच करतं, पण कोणी ओळखीच्यांच्या घरी राहणार असेल तर २४ तासांत त्याने स्वतः जाऊन करायची असते.

एक पॉवर बँकेचं राहिलं. चेक-इन बॅगेत तर ती चालतच नाही, आणि जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानात थ्रीसी मार्क (चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राची खूण) नसलेली पॉवर बँक केबिनमध्येही नेता येत नाही, आपल्या इकडे घेतलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर तो मार्क नसतो. ग्वांगझूहून शांघाय किंवा दुसरीकडे फॅक्टरी बघायला विमानाने जाणार असाल तर निघायच्या आधी पॉवर बँक उलटवून मार्क आहे का बघा, नसेल तर तिथेच मार्कवाली एक घेऊन टाका.