सोलापूरच्या अंगणात माळरानाची झाडे कशी लावावीत

सोलापूरचा मूळ निसर्ग दाट जंगलाचा नाही, माळरानाचा आहे. गवत, काटेरी झुडपे, मधूनच एखादी बोर, हिवर नाहीतर बाभूळ. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली झाले तेही याच माळावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी. म्हणून घरी देशी झाडे लावायची तर आधी झुडपांचा विचार करा. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मध्य अमेरिकेची. सावली दोन्ही देतात, पण इथल्या किड्या-पाखरांना त्यांचा उपयोग थोडाच.

काय लावावे

जागा कमी असेल तर कुंडीत कढीपत्ता, तुळस आणि कोरांटी पुरेशी आहेत. कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालते. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. तिने पाने खाल्ली तर खाऊ द्या, झाड पुन्हा फुटते.

अंगण असेल तर तरवड लावाच. रणरणत्या उन्हात तग धरणारे आणि पिवळ्याधमक फुलांनी भरणारे असे दुसरे झुडूप मला तरी इथे दिसत नाही. त्याच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रे असतात. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग बाहेर सांडतात. पिवळी फुलपाखरेही याच झुडपावर अंडी घालतात. शेजारी अडुळसा, निर्गुडी, मागच्या बाजूला आपटा किंवा बोर. रुई कुंपणाबाहेरच बरी, कारण तिचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. पण बिबळ्या कडवा फुलपाखराची अळी रुईवर वाढते, तेव्हा आपोआप उगवलेली रुई उपटू नका.

बी आणि रोपे

तरवडाच्या शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की रस्त्याकडेच्या झुडपांवरून थोड्या घ्या. अभयारण्यातून काहीही आणू नका. बियांचे कवच कडक असते, म्हणून पाणी उकळून खाली उतरवा, जरा निवले की बियांवर ओता आणि रात्रभर भिजू द्या. अडुळसा आणि निर्गुडी पावसाळ्यात फांदीपासून लागतात. बाकीची रोपे वन विभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा.

खड्डा आणि वेळ

वैशाखात दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्या. आपली काळी माती ओली झाली की पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, वाळली की भेगाळते आणि मुळे तुटतात. म्हणून तिच्यात मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळा. रोप जमिनीपेक्षा थोडे उंचवट्यावर बसवा.

मृगाचा पहिला पाऊस पडला की लगेच लावायची घाई नको. जूननंतर इथे बरेचदा मोठी उघडीप पडते, आणि जोराचा पाऊस सप्टेंबरात येतो. माती खोलवर भिजल्यावर, ऑगस्टच्या शेवटी लावलेले रोप जास्त जगते.

पाणी

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात मडक्याची युक्ती चालते. रोपापासून वीतभर अंतरावर भाजलेले पण चकाकी न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा आणि झाकण ठेवा. पाणी हळूहळू पाझरत राहते. भोवती ज्वारीच्या कडब्याचे तुकडे पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. दोन उन्हाळे काढले की तरवड आणि बोर फारसे पाणी मागत नाहीत.

गवताची जागा

एक कोपरा न कापता सोडा. मारवेल, पवना, कुसळी आली तर राहू द्या, गाजर गवत मात्र फुलण्याआधीच हातमोजे घालून उपटा. मुनियांना बी आणि घरट्याला काड्या याच गवतातून मिळतात. कीटकनाशक फवारू नका, नाहीतर अळ्यांबरोबर त्यांच्यावर जगणारे शिंपी पक्षी आणि बुलबुलही उपाशी राहतील.

आणि उघड्या माळावर जाऊन मोठी झाडे लावू नका. माळढोकाला, धाविक पक्ष्याला मोकळे गवतच लागते. झाडांसाठी आपले अंगण आहे.