घरी बीपी मोजताना
मी गावच्या उपकेंद्रात नर्स आहे. चढ चढून आलेल्या काकू लगेच दंड पुढे करतात. तो आकडा धरायचा नसतो. आधी लघवीला जाऊन या. चहा, तंबाखू, मशेरी अर्धा तास आधीपासून बंद. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीला. ब्लाउजच्या बाहीवरून नको. मिनिटभराने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. वारंवार १३५/८५ किंवा जास्त आलं, तर वही डॉक्टरांना दाखवा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने सोडू नका, हात जोडून सांगते. वाढलेलं बीपी बहुतेकदा जाणवतच नाही. १८०/१२० च्या वर आकडा, सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं असेल, तर थेट रुग्णालय गाठा.