डेबियनमधलं पॅकेज नव्या आवृत्तीवर कसं न्यावं

डेबियन म्हणजे लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणकप्रणाली; तिच्यात प्रत्येक प्रोग्राम बसवायला तयार अशा गाठोड्यात, म्हणजे पॅकेजमध्ये, येतो. प्रोग्राम लिहिणाऱ्या मूळ प्रकल्पाने नवी आवृत्ती जाहीर केली म्हणून ती डेबियनमध्ये आपोआप येत नाही. कोणीतरी स्वयंसेवक ती उतरवून घेतो, वाचतो, बांधतो (म्हणजे कोडपासून पॅकेज तयार करतो), तपासतो आणि मग भांडारात, म्हणजे डेबियनच्या पॅकेजांच्या साठ्यात, पाठवतो. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं, आणि तेव्हापासून ते अशा माणसांच्या बळावर चाललं आहे. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीतली बहुतेक पॅकेजेसही इथूनच जातात. हे काम प्रोग्रामर नसलेल्यालाही शिकता येतं. टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, भीती नसावी आणि वाचायचा कंटाळा नसावा, एवढंच. खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीत करा.

आधी पॅकेज निवडा. 'हाउ-कॅन-आय-हेल्प' हे छोटं साधन बसवलंत, तर तुमच्याच संगणकावरच्या कोणत्या पॅकेजला मदत हवी आहे ते कळतं. पोरकं म्हणून जाहीर झालेलं पॅकेज असेल तर ते तुम्ही दत्तक घेऊ शकता. सांभाळणारा कोणी असेल, तर त्याला आधी विचारा. न विचारता केलेलं चांगलं कामसुद्धा लोकांना खुपतं.

नवख्यांना मी देवनागरी फाँटचं पॅकेज सुचवेन. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड; फाँटवर दुसरे प्रोग्राम तसे अवलंबून नसतात, आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांइतकी चांगली तपासणी दुसरी कुठली नाही. लोहित फाँटचं मराठीसाठी वेगळं पॅकेज डेबियनमध्ये आहे. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र तुटला, किंवा ल आणि श हिंदी वळणाचे दिसू लागले, तर ते आपल्यालाच चटकन दिसणार.

डेबियनच्या मुख्य शाखा तीन: नवी पॅकेजेस आधी अनस्टेबलमध्ये येतात, तिथून टेस्टिंगमध्ये जातात, आणि शेवटी रोजच्या वापरातल्या स्टेबलमध्ये. काम स्टेबलवर करू नका. पॅकेज सहसा अनस्टेबलसाठी, म्हणजे 'सिड'साठी, बांधायचं असतं. त्यासाठी एसबिल्ड हे बांधणीचं साधन वापरून सिडची वेगळी, स्वच्छ खोली, म्हणजे बाकी संगणकापासून अलग जागा, तयार करा. त्या खोलीत फक्त पॅकेजने मागितलेल्या गोष्टीच असतात, त्यामुळे गरजांच्या यादीतून काही राहिलं असेल तर लगेच उघडं पडतं.

बहुतेक पॅकेजेसचं गिट-भांडार, म्हणजे बदलांचा इतिहास जपणारा कोडचा साठा, साल्सा या डेबियनच्या सर्व्हरवर असतं. जीबीपी क्लोन या कमांडने ते उतरवा. 'डेबियन' नावाच्या फोल्डरात वॉच नावाची फाइल असते, मूळ प्रकल्पाच्या नव्या आवृत्त्या कुठे शोधायच्या ते तीत लिहिलेलं असतं. यूस्कॅन हे साधन ती वाचून नवा टारबॉल, म्हणजे मूळ कोडच्या फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा, आणतं, आणि मूळ प्रकल्पाची सही पडताळायची किल्ली पॅकेजमध्ये ठेवलेली असेल तर टारबॉलवरची डिजिटल सहीही तपासतं. मग जीबीपी इम्पोर्ट-ओरिगने तो गिट-भांडारात घ्या.

आता थांबा आणि जुन्या-नव्यातला फरक वाचा. माझ्या मते सगळं काम इथे आहे, बाकीचं हाताला सवयीने येतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती चालू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होता. टारबॉलवरची सहीही प्रकल्पाच्या सांभाळकर्त्याचीच होती. माल कोणी पाठवला ते सहीवरून कळतं, आत काय आहे ते कळत नाही. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत त्या आवृत्त्या पोचल्या होत्या. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षित शिरण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, त्यांनी पाठपुरावा केला, म्हणून स्टेबल बचावलं. तेव्हा टारबॉल आणि गिटमधला टॅग (त्या आवृत्तीवर केलेली खूण) शेजारी ठेवून पाहा. बांधणीच्या फाइलींतला बदल ओळ न् ओळ वाचा. नवी फाइल आली असेल तर तिचा परवाना बघून कॉपीराइट फाइलमध्ये नोंदवा.

डेबियनने लावलेले पॅच, म्हणजे मूळ कोडमध्ये केलेले छोटे बदल, ही पुढची पायरी. क्विल्ट या साधनाने ते एकेक करून नव्या आवृत्तीवर बसवा. मूळ प्रकल्पाने स्वीकारलेला पॅच काढून टाका. जो बसत नाही तो का बसत नाही हे कळेपर्यंत दामटू नका. २००६ साली ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या पॅकेजमध्ये, एक तपासणी-साधन इशारे देतं म्हणून काही ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे किल्ल्या बनवतानाची यादृच्छिकता जवळजवळ संपली आणि किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या झाल्या. मे २००८ मध्ये हे बाहेर आलं आणि असंख्य लोकांना किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. म्हणून प्रत्येक पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवा, आणि पाठवल्याची नोंद पॅचच्या डोक्यावर करा.

डीसीएच या कमांडने चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, नोंद घाला. आवृत्ती १.५ असेल तर डेबियनचा क्रमांक १.५-१ होतो. ज्या बग-तक्रारी मिटल्या त्यांचे क्रमांक लिहा, पॅकेज चढलं की त्या आपोआप बंद होतात.

बांधून झालं की लिंटियन हे पॅकेजमधल्या चुका शोधणारं साधन चालवा, त्याच्या सूचना सविस्तर आणि बहुधा रास्त असतात. मग जुनं पॅकेज बसवून त्यावर नवं चढवा, काढून टाका, पुन्हा बसवा. पियूपार्ट्स हेच यंत्राकडून करून घेतं. प्रोग्राम स्वतः उघडून वापरणं मात्र तुमच्याकडेच.

पॅकेजमध्ये लायब्ररी असेल आणि तिचा एसओ-क्रमांक, म्हणजे जुन्याशी न जुळणारा बदल दाखवणारा आकडा, बदलला असेल, तर त्यावर अवलंबून असलेलं सगळं नव्याने बांधावं लागतं. पहिल्याच खेपेला त्या वाटेला जाऊ नका.

नवख्याला थेट भांडारात पाठवण्याचा हक्क नसतो. स्वतःच्या जीपीजी (डिजिटल सहीच्या) किल्लीने सही करून पॅकेज डेबियन मेंटॉर्स या संकेतस्थळावर चढवा आणि प्रायोजक, म्हणजे तुमच्या वतीने पॅकेज पाठवणारा, हवा अशी विनंती नोंदवा. एखादा डेबियन डेव्हलपर ते तपासेल, दुरुस्त्या सांगेल. कधी आठवड्यांनी उत्तर येतं. बोलावून घेतलेला पाहुणा नाही तो, आपल्यासारखाच स्वयंसेवक आहे, तेव्हा नम्रपणे आठवण करायला हरकत नाही.

अनस्टेबलमध्ये गेल्यावर मध्यम तातडीचं पॅकेज साधारण पाच दिवसांनी टेस्टिंगमध्ये उतरतं, तेही गंभीर बग आला नाही आणि सगळ्या प्रोसेसर-प्रकारांवर बांधणी नीट झाली तर. स्टेबल आवृत्ती जवळ आल्यामुळे भांडार गोठवलं असेल, तर नवी आवृत्ती एक्सपेरिमेंटल या प्रयोगांसाठीच्या शाखेत पाठवा. ते पाच दिवस बांधणीच्या नोंदी रोज उघडून पाहा.