हाँगकाँगला पुन्हा, एकट्याने

पहिल्या खेपेला व्हिक्टोरिया पीक हा डोंगर, मोठा बुद्ध, रात्रीचे बाजार उरकलेले असतात. दुसऱ्या खेपेचा वेळ बंदराला द्या. त्याआधी मागच्या वेळचे कागद मात्र नव्याने तपासा, कारण "आपल्याला सगळं माहीत आहे" म्हणणाऱ्याचाच घोटाळा होतो.

भारतीय पासपोर्टवर लागणारी ऑनलाइन पूर्वनोंदणी फुकट आहे, पण ती सहाच महिने टिकते. मधल्या काळात पासपोर्ट बदलला असेल तर जुनी नोंदणी चालत नाही. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरा आणि पावती कोऱ्या पांढऱ्या ए-४ कागदावर छापून घ्या. एका खेपेला 14 दिवस राहता येतं. कपाटात पडलेलं ऑक्टोपस कार्डही (मेट्रो, बस, बोटीसाठी पैसे भरून वापरायचं कार्ड) सोबत घ्या. वर्षानुवर्षं पैसे भरले नसतील तर ते बंद पडतं. मेट्रो स्टेशनच्या काउंटरवर ते पुन्हा चालू करून देतात. चार्जरसाठी तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो, आपल्या गोल पिना तिथे बसत नाहीत.

आता स्टार फेरी, म्हणजे बंदर ओलांडून नेणारी बोट. ही फेरी सुरू करणारे दोराबजी नवरोजी मिठाईवाला हे मुंबईहून गेलेले पारशी. 1888 साली त्यांनी कंपनी काढली आणि 1898 पासून ती 'स्टार' झाली. कौलूनच्या बाजूच्या चिम शा चुई धक्क्यावरून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी निघा आणि वरच्या मजल्यावर उजव्या हाताला बसा, तो पश्चिमेचा समुद्र. बाकाची पाठ उलटी फिरते, तेव्हा तोंड हवं त्या दिशेला करून घ्या. पलीकडे हाँगकाँग बेटावर सेंट्रलला धक्का क्रमांक 7 वर उतरा, दिवे लागेपर्यंत किनाऱ्यावर थांबा आणि परतीला खालच्या मजल्यावर बसा. तिथे इंजिनाचा वास येतो, पण पाणी हाताशी असतं आणि धक्क्याला लागताना खलाशी आकडीच्या काठीने दोर कसा ओढून घेतो ते जवळून दिसतं. पलीकडे जायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. रात्री आठचा दिव्यांचा खेळ बघायला किनाऱ्यावर गर्दी उसळते. त्या वेळी बोटीत असलात तर दोन्ही काठ दिसतात.

एक पूर्ण दिवस लामा बेटाला द्या. सेंट्रलच्याच धक्का 4 वरून बेटावरच्या युंग श्यू वान गावाची बोट पकडा आणि तिथून सिमेंटच्या पायवाटेने सोक क्वू वान या दुसऱ्या गावापर्यंत चाला. रमतगमत दीड तास लागतो, एक लिटर पाणी सोबत ठेवा. फसगत होते ती परतीला: सोक क्वू वानहून बोटी कमी आहेत, एक चुकली तर बराच वेळ ताटकळावं लागतं. म्हणून निघतानाच धक्क्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि चालण्याची वेळ त्यावरून ठरवा. तिथे मासे खाणार असाल तर भाव किलोचा आहे की कॅटीचा ते विचारा. एक कॅटी म्हणजे सुमारे 605 ग्रॅम. मासा आधी तोलून घ्या, किंमत ऐका, मगच हो म्हणा. एकट्याला अख्खा मासा जड जातो.

शाकाहाऱ्यांनी नुसतं "भाजी" सांगून भागत नाही, पालेभाजीवरही ऑयस्टर (कालवांचा) सॉस येतो. "मांस, मासे, ऑयस्टर सॉस नको" हे चिनी लिपीत फोनवर साठवा आणि दाखवा. चहाच्या साध्या हॉटेलांत एकट्याला अनोळखी लोकांच्या टेबलावर बसवतात. ती तिथली रीत आहे, संकोच करू नका.

जायला ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम. पावसाळ्यात गेलात तर वादळाचा बावटा (इशाऱ्याचा क्रमांक) रोज पाहा. तीन नंबरला बेटावर जाऊच नका. आठ नंबरला बोटी बंद होतात. त्याआधी साधारण दोन तास सूचना मिळते, तेवढ्यात मुक्कामी पोचा.