पंचांगावरून ग्रहाचा वेग कसा काढावा

शनी सेकंदाला किती किलोमीटर जातो हे काढायला दुर्बीण लागत नाही. घरातलं पंचांग, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि निवांत अर्धा तास एवढं पुरतं. मुंबईकरांना तर हाच मार्ग सोयीचा. इथे जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी भरलेलं असतं आणि उरलेल्या महिन्यांत निम्मे तारे दिव्यांच्या उजेडात बुडालेले असतात. पंचांगातली ग्रहस्थिती मात्र वर्षभराची छापलेली असते. त्यातलं भविष्य बाजूला ठेवा, आपल्याला फक्त तारखा हव्यात.

१. ग्रहाची एक फेरी किती वर्षांची, ते काढा

राशी बारा, प्रत्येक रास ३० अंशांची. ग्रह एका राशीत सरासरी किती काळ असतो ते पाहायचं आणि बाराने गुणायचं.

गुरूसाठी पंचांग उघडायचीही गरज नाही. गुरू सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ येतो. २००३, २०१५ आणि मग २०२७. म्हणजे फेरी साधारण १२ वर्षांची. नेमका आकडा ११.८६ आहे.

शनीसाठी जुन्या पंचांगांतून राशिप्रवेशाच्या तारखा काढा. शनी जानेवारी २०२०मध्ये मकरेत गेला आणि मार्च २०२५च्या अखेरीस मीनेत. दोन राशींना पाच वर्षं दोन महिने, म्हणजे बारा राशींना ३१ वर्षं. खरी फेरी साडेएकोणतीस वर्षांची आहे. फरक पडला त्याची कारणं दोन. एक, पृथ्वी आतल्या कक्षेतून शनीला गाठून पुढे निघते तेव्हा तो काही महिने मागे सरकताना दिसतो, पंचांगाच्या भाषेत वक्री होतो, आणि राशिप्रवेशाच्या तारखा पुढेमागे होतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. २०१८ साली शनी सूर्यापासून सर्वांत दूर होता, त्यामुळे त्यानंतरची काही वर्षं तो सरासरीपेक्षा हळूच चालला. हे का होतं ते पुढे येईल. तूर्त एवढंच लक्षात ठेवा की जितक्या जास्त राशींची सरासरी घ्याल तितकं उत्तर नेमकं येईल.

साडेसातीची धास्ती घेणारं कोणी घरात असेल तर हा हिशेब त्यांना शेजारी बसवून करा. अडीच वर्षांची एक रास, अशा तीन राशी, झाली साडेसात वर्षं. शनीला आकाशाचा पाव भाग ओलांडायला एवढा वेळ लागतो आणि तो सगळ्यांसाठी सारखाच लागतो.

बुध आणि शुक्राला ही रीत लावू नका. ते पृथ्वीच्या आतल्या कक्षेत असल्यामुळे आपल्याला कायम सूर्याच्या आसपासच दिसतात, आणि राशी मोजल्या तर दोघांची फेरी चुकून एक वर्षाची येते. त्यांचे खरे काळ सरळ घ्या: बुध ८८ दिवस, शुक्र २२५ दिवस.

२. फेरीवरून वेग काढा

आधी पृथ्वीचा वेग. सूर्य सरासरी १४.९६ कोटी किलोमीटरवर. या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ९४ कोटी किलोमीटर, आणि वर्षाचे सेकंद सुमारे ३ कोटी १५ लाख ६० हजार. भागाकार येतो सेकंदाला २९.८ किलोमीटर. सीएसएमटी ते ठाणे हे ३४ किलोमीटरचं अंतर पृथ्वी सव्वा सेकंदाच्या आत कापते.

बाकीच्या ग्रहांसाठी केप्लरचा १६१९ सालचा नियम वापरायचा: फेरीच्या वर्षांचा वर्ग हा अंतराच्या घनाएवढा असतो, अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत मोजलं तर. त्यातून कामाचं सोपं सूत्र निघतं. २९.८ला फेरीच्या वर्षांच्या घनमुळाने भागा, की वेग मिळाला.

घनमुळाचं बटण सापडत नसेल तर अंदाज करून तपासा. गुरूचे १२. २.३ तीनदा गुणलं तर १२.१७ येतं, म्हणजे घनमूळ २.३च्या किंचित खाली. २९.८ भागिले २.२९, वेग १३ किलोमीटर. शनीला साडेएकोणतीसचं घनमूळ ३.०९, वेग ९.६. आपण काढलेली चुकीची ३१ वर्षं घेतली असती तरी उत्तर ९.५ आलं असतं. घनमूळ काढताना चूक आक्रसून जाते, म्हणून घरगुती आकड्यांवरही विश्वास ठेवता येतो. मंगळ २४, शुक्र ३५, बुध जवळपास ४८.

३. हे असं का, ते समजून घ्या

घाई असली तरी ही पायरी गाळू नका. पृथ्वी सूर्याकडे सतत पडत असते. एका सेकंदात ती सूर्याच्या दिशेने फक्त ३ मिलिमीटर ओढली जाते, आणि तेवढ्यात ३० किलोमीटर आडवी निघून जाते. ३० किलोमीटरला ३ मिलिमीटरचा बाक आला की बरोबर १५ कोटी किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ तयार होतं. कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा: आडव्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट.

न्यूटनने १६८७मध्ये मांडलेल्या नियमानुसार अंतर दुप्पट झालं की ओढ चौपटीने कमी होते. नेपच्यून आपल्यापेक्षा ३० पट दूर, म्हणजे ओढ ९०० पट कमी. तो सेकंदाला मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढाच सूर्याकडे वळतो. इतक्या कमी ओढीने कक्षेत राहायचं तर चाल मंदच हवी, आणि ती आहे ५.४ किलोमीटर. पृथ्वीच्या वेगाने तो धावला असता तर सूर्यमाला सोडून गेला असता. गणितात मांडायचं तर वेग अंतराच्या वर्गमुळाने घटतो: चौपट दूर, निम्मा वेग.

एक गैरसमज इथेच काढून टाका. गुरू पृथ्वीच्या ३१८ पट वजनदार आहे म्हणून मंद चालतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याच्याच कक्षेत, त्याच्या पुढे आणि मागे, ट्रोजन नावाचे हजारो लघुग्रह आहेत. त्याच्या तुलनेत ते कस्पटासमान, तरी त्यांचीही फेरी सरासरी तेवढ्याच काळाची. वेग ठरतो तो सूर्याच्या वस्तुमानावर आणि अंतरावर.

४. अंतराचा परिणाम संक्रांतींच्या तारखांत तपासा

मला हा पडताळा सर्वांत आवडतो, कारण त्यात गृहीत धरायला जवळजवळ काहीच नाही. धनुसंक्रांत १६ डिसेंबरच्या सुमारास, मकरसंक्रांत १४ जानेवारीला. मधले दिवस २९. आता मिथुनसंक्रांत १५ जून आणि कर्कसंक्रांत १६ जुलै धरा. मधले दिवस ३१. रास दोन्हीकडे ३० अंशांचीच.

जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि वेग ३०.३ असतो. जुलैच्या सुरुवातीला अंतर १५.२ कोटी, वेग २९.३. जवळ असताना जलद, दूर असताना हळू. शनीच्या बाबतीत २०१८नंतर घडलं ते हेच. आपला अधिकमास कोणत्या महिन्यांत येतो, तेही बरंचसं इथूनच ठरतं. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. उन्हाळा-पावसाळ्यात सूर्य एका राशीत त्याहून जास्त रेंगाळतो, म्हणून संक्रांतीविना जाणारा महिना बहुधा त्याच काळात सापडतो. २०२३चा अधिक श्रावण आणि २०२६चा अधिक ज्येष्ठ पाहा. पौष, माघ सहसा अधिक होत नाहीत.

५. मधला गोळा बदलून पाहा

सूर्याऐवजी पृथ्वी मध्ये ठेवली की सूत्र असं: ६३१ला पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या किलोमीटरमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागा. जमिनीपासूनची उंची माहीत असेल तर तीत पृथ्वीची त्रिज्या, ६,३७१, मिळवायला विसरू नका. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर, म्हणून वेग ७.७. टीव्हीचे उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर, वेग ३.१. त्या वेगाने त्यांची एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीएवढी होते, म्हणून सोसायटीच्या गच्चीवरची डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही.

चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर. वर्गमूळ ६२०, वेग सेकंदाला एक किलोमीटरहून किंचित जास्त, तासाला सुमारे ३,६६० किलोमीटर. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. म्हणजे तासाभरात तो ताऱ्यांमधून साधारण स्वतःच्या रुंदीएवढा पूर्वेकडे सरकायला हवा. हे मुंबईतूनही दिसतं. दिवाळीनंतरच्या निरभ्र रात्रींत, पंचांगात चंद्रनक्षत्र रोहिणी असेल ती रात्र निवडा. रोहिणीचा तांबूस तारा शहराच्या उजेडातही दिसतो. चंद्र नुकताच उगवला असताना, चंद्र आणि तारा यांच्यात चंद्राच्या किती रुंद्या मावतात ते कागदावर मांडा आणि दोन तासांनी पुन्हा मांडा. दोन रुंद्यांच्या आसपास फरक आला तर सूत्र आणि तुमची नजर दोन्ही बरोबर आहेत.